वर्गात साजरी होणारी शाळा

शाळेचा वर्धापनदिन म्हटला की आपल्याकडचे चित्र ठरलेले असते. मंडप, ध्वनिक्षेपक, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, अहवालवाचन आणि मग नाच-गाणी. पंधरा दिवस आधीपासून तास बुडू लागतात, निवडक मुलामुलींच्या तालमी चालतात आणि उरलेला वर्ग सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतो. स्नेहसंमेलनाला माझा विरोध नाही. रंगमंचावर दोन मिनिटे उभे राहिल्याने कायमची भीड चेपलेली मुले मी पाहिली आहेत. पण ज्या शाळेचा हा सोहळा, ती शाळा त्या दिवशी मुलांना कितीशी कळते? ती कोणी काढली, कोणासाठी काढली, पहिल्या वर्गात कोण बसले होते, घंटा कोण देतो, खिचडी कोण शिजवते, यातले काही त्या संध्याकाळी बोलले जात नाही. आणि ज्यांना नाचात घेतले नाही, ज्यांना बक्षीस नाही, त्यांच्या वाट्याला त्या उत्सवातले काय येते? ही पुस्तिका त्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून तयार झाली आहे. यातला प्रत्येक उपक्रम वर्गात, आपापल्या बाकावर, सगळ्यांनी मिळून करायचा आहे.

वर्गात सगळ्यांनी मिळून शाळा साजरी करण्याची ही कल्पना मूळची ल्यूथरन शाळांची. अमेरिकेत ल्यूथरन चर्चच्या मिझुरी सिनडशी जोडलेल्या शाळा वर्षातला एक आठवडा शाळा सप्ताह म्हणून पाळतात. एखादा दिवस शिक्षकांचा, एखादा पालकांचा, एखादा आजूबाजूच्या वस्तीचा. मुले चिठ्ठ्या लिहितात, चित्रे काढतात, मोठ्या वर्गातली मुले लहान वर्गात जाऊन गोष्टी वाचून दाखवतात. या शाळांची परंपरा १८३९ पर्यंत मागे जाते. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातून निघालेली ल्यूथरन कुटुंबे मिझुरीत येऊन वसली आणि त्याच वर्षी त्यांनी आल्टेनबर्ग या वस्तीत ओंडक्यांची एक खोली उभारून शाळा सुरू केली. परक्या मुलखात पाय ठेवल्याबरोबर शाळेची खोली बांधणाऱ्या लोकांना शाळेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

त्यामागे खुद्द या पंथाच्या प्रवर्तकाची, मार्टिन ल्यूथरची शिकवण होती. १५२४ मध्ये त्याने जर्मनीतल्या नगरांच्या कारभाऱ्यांना उद्देशून एक लांबलचक पत्र छापले. रस्ते, बांध, तोफा यांवर दरवर्षी एवढा पैसा ओतता, मग गावातल्या गरीब पोरांसाठी एक-दोन शिक्षक ठेवायला हात का आखडता, असा त्याचा रोकडा सवाल होता. मुलींच्या शिक्षणाचाही त्यात आग्रह होता. घरची कामे आणि धंदा सांभाळून मुलाने दिवसातून तास-दोन तास आणि मुलीने तासभर शाळेत यावे, एवढ्यावरही तो राजी होता. मला या पत्रात सर्वांत भावतो तो हा व्यवहारीपणा. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला ठाऊक होते की शाळा ही सबंध गावाची जबाबदारी आहे आणि पोराला घरी कामही असते. आमच्या नाशिकच्या पेठ रोडच्या आणि दिंडोरी नाक्याच्या वस्त्यांतून येणाऱ्या मुलांना शिकवलेल्या कोणाही शिक्षकाला ही दुसरी गोष्ट समजावून सांगायला नको.

आता वाचक विचारेल, या सगळ्याचा आमच्या नाशिकच्या पंचवटीशी काय संबंध? रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन ही आमची ओळख. दर बारा वर्षांनी सिंहस्थात सारा देश आमच्या दारात येतो. इथे ल्यूथरन शाळेचे नाव काढणे कोणाला विचित्र वाटेल. पण नाशिकचा इतिहास आपण समजतो त्यापेक्षा बराच मोकळा आहे, आणि तो मुलांपर्यंत पोचवणे हाच या पुस्तिकेचा अर्धा हेतू आहे.

गोदावरी ओलांडून जुन्या नाशकाच्या पश्चिमेला गेले की शरणपूर लागते. आज तो शहराच्या ऐन मध्यातला गजबजलेला रस्ता आहे. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या अँग्लिकन संस्थेचे काम नाशकात १८३२ मध्ये चार्ल्स फॅरर यांनी सुरू केले. त्यांचा मुंबईत जन्मलेला मुलगा फ्रेडरिक पुढे इंग्लंडात नामांकित धर्मगुरू झाला आणि शाळकरी मुलांवरची त्याची कादंबरी तिकडे घरोघर वाचली गेली. १८५४ मध्ये विल्यम सॉल्टर प्राइस यांनी गावाबाहेर शरणपूरची ख्रिस्ती वसाहत वसवली. तिथे शाळा होती, अनाथाश्रम होता, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवणाऱ्या कार्यशाळा होत्या. संस्था अँग्लिकन, हे खरे. पण या सोसायटीला सुरुवातीच्या काळात इंग्रज माणसे पुरेशी मिळेनात, म्हणून तिने जर्मन भाषिक मुलखातून, विशेषतः बाझेलच्या विद्यालयात तयार झालेली ल्यूथरन परंपरेतली माणसे मोठ्या संख्येने घेतली. कार्ल विल्हेल्म आयझेनबर्ग हे त्यांतले एक. इथिओपियात वर्षे काढलेला, अम्हारिक भाषेचा शब्दकोश रचलेला हा माणूस १८४० च्या दशकात मुंबईला आला. त्या काळी ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडी आणि सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईच्या धक्क्यावर उतरत. त्यांच्यातल्या काहींचा सांभाळ आयझेनबर्ग यांनी केला, आणि १८६० मध्ये ही मुले शरणपूरला आली. (याच आयझेनबर्ग यांच्या मुलाची पत्नी मारी गुंडर्ट पुढे विधवा झाली, तिने पुन्हा लग्न केले, आणि त्या दुसऱ्या संसारात 'सिद्धार्थ' लिहिणारा हेर्मान हेस जन्मला. इतिहासाचे धागे असे लांबवर जातात.)

शरणपूरच्या त्या शाळेत आफ्रिकेतली मुले आणि इथली मुले एकत्र वाढली. १८६४ मध्ये त्यांच्यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर मोंबासाजवळच्या रबाईला गेले. तिथे योहान रेबमान हे जर्मन ल्यूथरन मिशनरी बरीच वर्षे जवळजवळ एकाकी काम करत होते. किलिमांजारोचे बर्फाच्छादित शिखर पाहून त्याची बातमी युरोपला प्रथम देणारे ते हेच रेबमान. त्यांच्या मदतीला धावली ती नाशकात शिकलेली पोरे. पुढे १८७४-७५ मध्ये खुद्द प्राइस तिकडे गेले आणि मोंबासासमोर फ्रिअर टाउन ही मुक्त केलेल्या गुलामांची वसाहत उभी राहिली. तिथल्या शिक्षकांत, सुतारांत, लोहारांत नाशिककर होते. किनाऱ्यावर त्यांना बॉम्बे आफ्रिकन म्हणत.

या सर्वांत एक नाव असे आहे की ते नाशिकच्या प्रत्येक मुलाला पाठ असायला हवे. जेकब वेनराइट. न्यासा सरोवराच्या बाजूचा याओ जमातीचा मुलगा, गुलामीतून सुटलेला, शरणपूरला शिकलेला. १८७२ मध्ये तो आफ्रिकेत फिरणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी संशोधकाच्या तांड्यात सामील झाला. १८७३ च्या मे महिन्यात आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा तिथल्या झाडाच्या खोडावर त्याचे नाव आणि तारीख कोरली ती जेकबने. प्रार्थनाही त्यानेच वाचली. लिव्हिंग्स्टनचे जुने सेवक चुमा आणि सुसी, जेकब आणि त्यांच्या सोबत्यांनी ते कलेवर वाळवून, सालीत गुंडाळून, जंगल-दलदलीतून महिनोन् महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, त्या वेळी शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता. त्या प्रवासाची त्याने लिहिलेली रोजनिशी आजही उपलब्ध आहे. लिव्हिंग्स्टनच्या अखेरीचे एका आफ्रिकी माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेले ते वर्णन आहे. ती अक्षरे कुठे घटवली होती? आमच्या गोदाकाठी.

या पुस्तिकेतला पाचवीच्या वर्गाचा एक उपक्रम याच गोष्टीवर बेतला आहे. शिक्षकांनी जेकबची हकिकत सांगायची, नकाशावर नाशिक ते मोंबासा ते चितांबो अशी बोटाने वाट काढायची, आणि मग मुलांनी शाडूच्या ओल्या पाटीवर किंवा साबणाच्या वडीवर एकच ओळ कोरायची: माझ्या शाळेबद्दल पुढच्या माणसाला काय कळावे? कागदावर मुले भराभर लिहून टाकतात. कोरताना प्रत्येक अक्षराला वेळ लागतो, काना-मात्रा मोजून द्यावी लागते, आणि मग नको ते शब्द आपोआप गळतात. मोठ्यांनीही हा उपक्रम मुलांबरोबर करावा असे मला वाटते.

ल्यूथरन परंपरेचा मराठी माणसाशी आलेला सर्वांत जवळचा संबंध मात्र नाशकात नाही, तंजावरला आहे. डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने १७०६ मध्ये त्सीगेनबाल्ग आणि प्ल्यूत्शाउ हे दोन जर्मन ल्यूथरन तरंगंबाडीला उतरले, त्यांनी शाळा काढल्या, छापखाना आणला, तमिळमध्ये नवा करार छापला. त्याच परंपरेतला ख्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात मानाचा माणूस झाला. तुळजाराजांनी मरणापूर्वी दत्तक घेतलेल्या बाल सरफोजीची काळजी श्वार्ट्झवर सोपवली. गादीच्या भांडणात त्या पोराची आबाळ होऊ लागली तेव्हा श्वार्ट्झ त्याच्या पाठीशी उभा राहिला आणि त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली. हाच मुलगा पुढे सरफोजी महाराज दुसरे. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारे, नवविद्या कलानिधी शाळा चालवणारे, आणि १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत छापवणारे. देवनागरीतल्या अगदी आरंभीच्या छापील मराठी पुस्तकांत हे मुलांचे पुस्तक मोडते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारला. सरफोजींनी त्याच्या स्मरणार्थ लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. मरणशय्येवरच्या गुरूचा हात हाती धरून उभा असलेला मराठा राजा त्यात दिसतो. सरफोजींनी आपला धर्म सोडला नाही. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र कोरून घेणारे तेच, आणि गुरूसाठी चर्चमध्ये स्मारक उभारणारेही तेच.

आपल्या मिशन शाळेत असा शाळा सप्ताह करताना मला हे उदाहरण सतत समोर ठेवावेसे वाटते. आपल्याकडच्या या शाळांमध्ये बहुसंख्य मुले हिंदू, बौद्ध, मुसलमान घरांतली असतात. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे, आणि कलम २८ ने अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेतल्या प्रत्येक मुलाला हा हक्क दिला आहे की त्याच्या, अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीवाचून त्याला धार्मिक उपासनेत बसवले जाऊ नये. दोन्ही हक्क सारखेच मानायचे. म्हणून ख्रिस्ती प्रार्थना, स्तोत्रगायन हे उपक्रम पुस्तिकेत वेगळे ठेवले आहेत आणि ते ऐच्छिक आहेत. ते लपवलेले मात्र नाहीत. शाळा ज्या श्रद्धेतून उभी राहिली ती श्रद्धा मुलांना मोकळेपणाने सांगावी. ल्यूथरने गाणे चर्चमधल्या सामान्य माणसाच्या तोंडी दिले, आमच्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगात आणली, हे ऐकायला कोणत्याही घरचे मूल आनंदाने तयार होते. सक्ती आली की तेच मूल मान खाली घालून ओठ हलवते. काळारामाच्या दरवाज्यासमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो दरवाजा आमच्या शाळांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे ज्या परिसरात घडले तिथल्या शाळेने आपल्याच वर्गातल्या कोणाला बाहेर उभे ठेवू नये, याबद्दल मी आग्रही आहे.

उपक्रमांत मला सर्वांत श्रीमंत वाटतो तो जनरल रजिस्टरचा. प्रत्येक शाळेच्या कार्यालयात कापडी बांधणीची ती आडवी, जाड वही असते. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, आणि शेवटच्या रकान्यांत सोडल्याचे कारण. आपण ती दाखला काढण्यापुरती उघडतो. शिक्षकांनी एखाद्या जुन्या वर्षातून फक्त जन्मस्थळ, वय, मुलगा की मुलगी, सोडतानाची इयत्ता आणि कारण एवढेच तपशील वेगळ्या कागदावर उतरवून आणावेत. नावे आणि जाती वर्गात आणायच्या नाहीत, ही अट कडक पाळायची. मग सातवीच्या मुलांनी ती गावे जिल्ह्याच्या नकाशावर टिंबांनी दाखवायची. पेठ, सुरगाणा, दिंडोरी, निफाड, इगतपुरी. कोणते मूल कुठून आले? नाशिकरोडचा नोटांचा आणि तिकिटांचा छापखाना, १९६४ नंतर ओझरला उभा राहिलेला विमानांचा कारखाना, १९७२ चा दुष्काळ, यांतल्या कशाच्या खुणा या टिंबांत दिसतात का? गणिताचा तास, भूगोलाचा तास, इतिहासाचा तास, तिन्ही एकाच कागदावर होतात.

पण खरे काम पुढे आहे. कारणाच्या रकान्यात लिपिकाने निळ्या शाईत एक-दोन शब्द लिहिलेले असतात: बदली, परगावी, सतत गैरहजर, पास. मुलांनी ते शब्द मोजावेत, मुलांचे आणि मुलींचे वेगळे. सातवीच्या आत शाळा सुटलेल्या मुली किती? त्या वर्षी त्यांचे वय काय होते? एखाद्या मुलीचे बोट कागदावर थांबते आणि ती म्हणते, बाई, ही माझ्याएवढीच होती. तिथे शिक्षकांनी लगेच बोलायला जाऊ नये. शाळा म्हणजे जे राहिले त्यांची, तशी जे सुटून गेले त्यांचीही; हे सांगण्याची गरज त्या क्षणी उरत नाही.

त्याला जोडूनच आजीचा उपक्रम ठेवला आहे. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांना लिहा-वाचायला शिकवले ते लग्नानंतर नवऱ्याने. त्याच बाईने पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिले आणि पतीच्या पश्चात त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पुरे केले. मुलांनी घरी जाऊन आजीला, नसेल तर शेजारच्या आजीला, तीन प्रश्न विचारायचे: तू शाळेत किती शिकलीस, का सोडलीस, आणि आज एक दिवस शाळेत बसायला मिळाले तर काय शिकशील? उत्तरे आजीच्याच शब्दांत लिहायची. व्याकरण सुधारायचे नाही, अहिराणीत बोलली तर अहिराणीत लिहायचे. सप्ताहाच्या एका दिवशी ज्या आज्यांना यायचे असेल त्यांना वर्गात बोलवावे, बाकावर बसवावे आणि नातवंडांनी त्यांना हवे ते शिकवावे. कोणी सही शिकेल, कोणी मोबाइलवरचे नाव वाचायला. हा तास ठरल्या वेळी संपणार नाही, त्याची तयारी ठेवावी.

घंटेच्या उपक्रमाबद्दल थोडेच सांगते. फ्रिअर टाउनला एक घंटा होती. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की ती वाजवत. ती आजही मोंबासात जपली आहे. आपल्या शाळेची घंटा शिपाईमामा देतात, पण त्यांना मुलांनी कधी काही विचारलेले नसते. तिसरी-चौथीच्या मुलांनी त्यांची मुलाखत घ्यावी, घंटेचे वेगवेगळे टोल ऐकून ओळखावेत, आणि एक दिवस मामांनी वर्गात खुर्चीवर बसावे व मुलांनी घंटा द्यावी. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना त्याच दिवशी पंगतीत बसवून मुलांनी वाढावे. एवढेच.

माजी विद्यार्थ्यांना पोस्टकार्डे लिहिण्याचा उपक्रम काही शिक्षकांना जुनाट वाटेल. व्हॉट्सॲपवर निरोप लगेच जातो हे मान्य आहे. पण पोस्टकार्डाच्या पाठीवर सात-आठ ओळींतच म्हणणे मांडावे लागते, पत्ता नीट लिहावा लागतो, पिनकोड शोधावा लागतो, आणि उत्तराची वाट पाहावी लागते. टपाल तिकिटे आपल्याच नाशिकरोडला छापली जातात, हे मुलांना त्या निमित्ताने कळेल. उत्तरे येतील ती सूचनाफलकावर न लावता वर्गाच्या हस्तलिखितात शिवून ठेवावीत. फलकावरचा कागद महिनाभरात फाटतो.

शिक्षकांच्या मनात येणारा प्रश्न मला माहीत आहे: अभ्यासक्रम पुरा होत नाही, ऑनलाइन माहिती भरायची असते, त्यात हे कधी करायचे? म्हणून प्रत्येक उपक्रम एका किंवा दोन तासिकांत बसेल असा आखला आहे, आणि तो कोणत्या विषयाच्या कोणत्या घटकाशी जोडता येतो ते सोबत दिले आहे. साहित्य खडू, जुनी वर्तमानपत्रे, शाडू, पोस्टकार्डे एवढेच. पालकांकडून वर्गणी मागावी लागेल असा एकही उपक्रम ठेवलेला नाही. गुण द्यायचे नाहीत, क्रमांक काढायचे नाहीत, आणि पाहुणे बोलवायचेच असतील तर त्यांनी भाषण न करता मुलांच्या शेजारी बाकावर बसून काम करावे.

पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत क्रमाने पुरी करण्याचा अट्टहास कोणी करू नये. आपल्या वर्गाला झेपतील असे तीन किंवा चार उपक्रम निवडावेत. सुरुवात मात्र जनरल रजिस्टरपासून करावी, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी सप्ताहाच्या आधी पंधरा दिवस घेऊन ठेवावी, ही माझी सर्व शिक्षकांना विनंती.